रस भरला की व्होल्टेज कुठे जातं?

प्रश्न : संत्र्याचा रस न उकळता टिकवण्यासाठी विद्युत स्पंदांचं छोटं यंत्र बनवतो आहे. निऑन पाट्यांचा १५ किलोव्होल्ट, ३० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणला. कक्षात समांतर पट्ट्या, अंतर ५ मिमी, प्रत्येकीचं क्षेत्रफळ ४ चौ. सेमी. कक्ष रिकामा असताना ठिणगी उडते, रस भरला की व्होल्टेज गायब. ट्रान्सफॉर्मर खराब निघाला का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ट्रान्सफॉर्मर ठणठणीत आहे, रस त्याला झेपत नाही. संत्र्याच्या रसाची वाहकता सुमारे ०.४ सीमेन्स प्रति मीटर, म्हणजे तुमच्या कक्षाचा रोध ३१ ओहम. त्यातून ३० मिलिअँपिअर गेले तर पट्ट्यांवर जेमतेम १ व्होल्ट राहणार! आधी रोध मोजा, मग बाकीची खरेदी.

जंतूंच्या पेशीपटलाला भोकं पाडायला दर सेमीला ३५ किलोव्होल्ट धरू. तुमच्या ५ मिमीला १७.५ किलोव्होल्ट आणि ५६० अँपिअर लागतील, पण फक्त २ मायक्रोसेकंद. एका स्पंदाला २० जूल. ते कपॅसिटरमध्ये साठवून एकदम सोडायचे. ०.६४ मायक्रोफॅरड घेतलं तर स्पंदाच्या शेवटी व्होल्टेज १० टक्क्यांच्या आसपासच उतरतं. तासाला ६० लिटर रस न्यायचा आणि कक्षात मावणाऱ्या प्रत्येक भरणीला १० स्पंद द्यायचे तर सेकंदाला ८३ स्पंद, सरासरी १.६ किलोवॉट. त्यामुळे चार्जिंगलाही तुमचा ट्रान्सफॉर्मर अपुरा.

आणि या तंत्राला ‘बिनउष्णतेचं’ म्हणतात, त्या नावावर फार जाऊ नका. दर स्पंदाला रस अडीच अंश तापतो, दहांत पंचवीस. तापला की वाहकता वाढते, प्रवाहही चढतो, म्हणून कपॅसिटर रसाला जोडणारा स्विच ८०० अँपिअरचा धरा. त्यासाठी १७०० व्होल्टचे आयजीबीटी (मोठा प्रवाह चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) एकामागोमाग जोडणार असाल तर १८ तरी लागतील, आणि सगळ्यांचे गेट (त्यांना चालू करणारी टोकं) एकाच क्षणी चालले पाहिजेत. चालू होताना जो मागे राहतो, त्याच्या एकट्यावर सगळं व्होल्टेज येतं. तो जातो, मग उरलेलेही.

खरी डोकेदुखी बुडबुड्यांची. हवा सेमीला ३० किलोव्होल्टच्या सुमारासच फुटते, शिवाय बुडबुड्याच्या आत क्षेत्र बाहेरच्यापेक्षा जास्त असतं. एक बुडबुडा, एक ठिणगी, आणि पट्टीवर खड्डा. तो खड्डा पुढच्या ठिणगीला आमंत्रण देतो. रस निर्वातात ठेवून हवा काढा, गर बारीक चाळणीतून गाळा, कक्षानंतरची झडप आवळून २–३ बार दाब ठेवा, पट्ट्यांच्या कडा गोल करा. पट्ट्या टायटॅनियमच्या घ्या आणि स्पंदांची दिशा आलटूनपालटून ठेवा. स्टेनलेस स्टील झिजून लोह, क्रोमियम, निकेल रसात उतरतं.

बीजाणू (जंतूंची कठीण कवचातली सुप्त रूपं) या स्पंदांनी मरत नाहीत. संत्र्याचा रस आंबट असल्याने निभावतं, तरी तो फ्रिजमध्येच ठेवायचा. उसाच्या कमी आंबट रसाला हेच यंत्र लावून बाहेर ठेवू नका.

कपॅसिटरमध्ये जवळपास १०० जूल असतात, तेवढे जीव घ्यायला पुरतात. म्हणून कपॅसिटरला समांतर १० मेगओहमचा रोध कायमचा जोडा (एकच नको, साखळी करा; ३० वॉट उष्णता निघते). वीज बंद केल्यावर ५० व्होल्टखाली यायला ४० सेकंद लागतात. त्यानंतरही अर्थिंगची काठी टेकवून, टोकं जोडलेली ठेवूनच हात घाला. कक्षाच्या दोन्ही बाजूंचे धातूचे पाइपही अर्थ करा, नाहीतर रसातून वीज पंपापर्यंत पोचते.