पुण्यात बंगल्यावर आधी सोलर बसवून महावितरणकडे नंतर अर्ज केला तर दंड होतो का?

हो, होऊ शकतो. पण पॅनल उभे केल्याबद्दल नव्हे, मंजुरीआधी ते ग्रिडला (महावितरणच्या वीजजाळ्याला) जोडल्याबद्दल. वीज कायदा 2003 च्या कलम 142 प्रमाणे नियामक आयोगाचा नियम मोडला तर दर उल्लंघनाला 1 लाखापर्यंत आणि चूक चालूच ठेवली तर रोज आणखी 6,000 रुपयांपर्यंत दंड आहे. खरं तर त्याआधी मीटरच इंगा दाखवतो: नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) नसेल तर बरेच साधे डिजिटल मीटर ग्रिडमध्ये गेलेलं युनिटही वापरलेलं म्हणून मोजतात. म्हणजे भर दुपारी घराला कुलूप आणि कोथरूडच्या गच्चीवरचं ऊन तुमचंच बिल चढवतंय! 10 किलोवॅटपर्यंतच्या सोलरला 2024 पासून तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास (तिथलं वीजजाळं ही जोडणी पेलेल का याची तपासणी) लागत नाही, अर्ज मात्र लागतोच. ग्रिडला न जोडता नुसत्या बॅटरीवर चालवणार असाल तर नेट मीटरचा प्रश्नच नाही.