फ्लॅग शोधायचाय, पण घरचे घाबरतात

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहतो, आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हा चौघा मित्रांना 'कॅप्चर द फ्लॅग' म्हणजे सीटीएफ स्पर्धेत उतरायचंय. कोडिंग जेमतेम येतं. त्यात बाबा म्हणतात, हे हॅकिंग आहे, उद्या पोलीस दारात येतील. काय करू?

उत्तर : बाबांची काळजी उगाच नाही. परवानगीशिवाय, गैरहेतूने दुसऱ्याच्या संगणकात शिरलास तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीटीएफमध्ये मात्र आयोजकच मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या यंत्रणा पुढ्यात मांडतात आणि म्हणतात, फोडून दाखवा. आत लपवलेला मजकूर म्हणजे फ्लॅग. तो सापडला की गुण. अमेरिकेतल्या 'डेफकॉन' या हॅकर्सच्या संमेलनात १९९६ पासून हा खेळ रंगतो. आपल्याकडे अमृता विद्यापीठाच्या केरळातल्या कॅम्पसमधली मुलं 'इनसीटीएफ' ही अशीच स्पर्धा भरवत आली आहेत. हे बाबांना दाखव. आणि सराव म्हणून कॉलेजच्या वेबसाइटला हात लावायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

कोडिंग जेमतेम आहे म्हणून अडू नकोस. 'ओव्हर द वायर' या वेबसाइटवरचा 'बँडिट' हा फुकट खेळ आजच सुरू कर; त्यात कमांड टाइप करत एकेक पायरीचा पासवर्ड शोधायचा असतो. त्याच्या दुसऱ्याच पायरीवर पासवर्ड ज्या फाइलमध्ये आहे, तिचं नाव म्हणजे नुसता एक डॅश. 'कॅट' ही फाइल वाचून दाखवणारी कमांड लिहून पुढे डॅश दिलास की काहीच होत नाही, कर्सर लुकलुकत राहतो. कारण डॅश म्हणजे फाइल नव्हे, कीबोर्डवरून मजकूर घ्यायचा, असं तो समजतो. नावाआधी डॉट आणि स्लॅश लावलास की फाइल उघडते. लगेच उत्तर शोधायला यूट्यूबवर जाऊ नकोस. तो कर्सर का थांबलाय याचा विचार करत घालवलेला अर्धा तास, माझ्या मते, कुठल्याही सर्टिफिकेट कोर्सपेक्षा मोलाचा आहे.

मग अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'पिकोसीटीएफ' ही नवख्यांसाठीची स्पर्धा घे. तिच्यातले सरावाचे प्रश्न वर्षभर खुले असतात. नेटवर्कच्या प्रश्नांत पकडलेल्या पॅकेटांची, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांची फाइल मिळते. ती 'वायरशार्क' या पॅकेटं वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की ओळीच ओळी दिसतात आणि नवखा तिथेच गांगरतो. फक्त एचटीटीपीचा, म्हणजे वेबपानांच्या न झाकलेल्या देवाणघेवाणीचा फिल्टर लाव, एका ओळीवर राइट क्लिक करून 'फॉलो' निवड. कुणीतरी लॉगिन केलेलं असेल तर युजरनेम-पासवर्ड उघड्यावर वाचता येतात. बँकेच्या पानाला हीच देवाणघेवाण सांकेतिक करून झाकणारं 'एचटीटीपीएस' का लागतं, हे त्या एका पडद्यावरून जितकं पटतं तितकं नोट्स वाचून पटत नाही.

चौघांनी एकाच लॅपटॉपभोवती गर्दी करू नका. एकाने वेब, एकाने क्रिप्टो (सांकेतिक मजकूर उलगडणं), एकाने फॉरेन्सिक्स (फाइलींतले माग काढणं), एकाने रिव्हर्सिंग (तयार प्रोग्रॅम उलटा उकलून समजून घेणं) धरा, पण अडलं की जोडीने बसा. सुटलेल्या प्रत्येक प्रश्नाचा राइट-अप लिहा : काय करून पाहिलं, कुठे फसलं, शेवटी कशाने उघडलं. स्पर्धा चालू असताना मात्र तो कुणाला दाखवायचा नाही, संघ बाद होऊ शकतो.

मी एका बँकेच्या सायबर सुरक्षा विभागात काम करते, मुलाखतीही घेते. कितवा नंबर आला ते मी विचारतच नाही. राइट-अप मागते, त्यातली एक पायरी निवडते आणि म्हणते, हीच का केलीस ते सांग.