बाईकचं काळं प्लास्टिक पांढरट पडलंय. वॉशिंगवाला डिझेल मारून देतो म्हणतो. मारू द्यावं का?

नको.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण प्रश्नात ‘डिझेल’ वाचलं आणि आमच्या घरातलं सात वर्षांचं भांडण वर आलं.

आम्ही रत्नागिरीचे. इथे गाडीला खारी हवा आहे, ऑक्टोबरचं ऊन आहे आणि जांभ्याची लाल माती आहे. ही माती मडगार्डच्या खरखरीत प्लास्टिकच्या दाण्यादाण्यात जाऊन बसते. फडक्याने पुसाल तर निघत नाही, नुसती पसरते. दसऱ्याला गाड्या धुणं हे आमच्याकडे दादाचं खातं. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. पद्धत बाबांकडून आलेली: आधी पाणी, मग जुन्या बनियनचं फडकं रॉकेलमध्ये बुडवून सगळ्या गाडीवरून फिरवायचं. रॉकेल मिळेनासं झालं तसं डिझेल आलं.

त्या वर्षी मी नवी गाडी घेतली होती, पुढे उंच काचवाली. काच म्हणायची, असतं प्लास्टिकच. तिच्यावरचा स्टिकर मी सोलला, पण डिंक राहिला. खोबरेल लावून ठेवलं आणि आंघोळीला गेलो. पंधरा मिनिटांत बाहेर येतो तर काच लखलखीत आणि अंगणात पेट्रोलचा वास. दादाने बोळा मारला होता. वर म्हणतो, “बघ, दोन मिनिटांचं काम. तू तेल चोळत बस.”

पूजा झाली, झेंडूची माळ चढली. संध्याकाळी सोनं द्यायला निघालो तेव्हा मावळतीचं ऊन काचेतून आरपार येत होतं. चारही स्क्रूंच्या भोकांभोवती केसाएवढ्या बारीक रेषा दिसल्या, कोळ्याने जाळं धरावं तशा. नख फिरवून पाहिलं, तर बऱ्याचशा नखाला लागतही नव्हत्या. दिवाळीपर्यंत त्यातली एक थेट काठाला पोचली आणि हातखंब्याजवळच्या एका खड्ड्यात काचेचा कोपरा निखळला.

दादा म्हणाला, काचच हलकी होती. तो आजही हेच म्हणतो. बाबांनीही त्याचीच बाजू घेतली: “वीस वर्षं रॉकेलने पुसतोय मी, माझ्या स्कूटरला काय झालं?”

बाबा, काही झालं नाही, कारण तुमची चेतक पत्र्याची होती! पत्र्यावर रॉकेलचा हात फिरला की पातळसा थर राहतो आणि गंज थोडा लांबतो. प्लास्टिकला गंजच नाही, तर हे औषध कशाला? पारदर्शक काचेचं तर उलटच. स्क्रूने आवळलेल्या जागी ती आधीच ताणलेली असते. पेट्रोलसारखा द्रव नेमका त्या ताणलेल्या जागी शिरतो आणि तिथूनच तडे सुटतात. हेल्मेटच्या काचेचंही तेच, म्हणून तिला फक्त साबणाचं पाणी. हे मी दादाला निदान दहा वेळा सांगितलंय. पत्र्याच्या गाडीचं शहाणपण प्लास्टिकच्या गाडीवर चालवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तुमचं काळं प्लास्टिक. रंग न दिलेला तो खरखरीत भाग बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असतो. पॅनेल काढलंत तर आतल्या बाजूला उठावाची इंग्रजी अक्षरं सापडतील, पीपी (म्हणजे हेच पॉलिप्रॉपिलीन) किंवा एबीएस (दुसऱ्या जातीचं कडक प्लास्टिक). पीपीमध्ये काजळी मिसळलेली असते, ती रंगही देते आणि उन्हापासून सांभाळतेही. तरी वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की वरचा थर मोडतो आणि त्याची भुकटी होते. कोरड्या पॅनेलवर बोट घासून बघा, राखाडी पूड लागली तर हेच झालंय. डिझेल मारल्यावर ते काळं दिसतं, कारण जांभ्याचा सुका दगड ओला केला की गडद दिसतो ना, तसं. वाळलं की पुन्हा पांढरं. मधल्या काळात त्या तेलावर रस्त्याची सगळी धूळ येऊन बसते आणि जवळपासची रबरं फुगतात ती वेगळीच.

काय करायचं, तर गाडी सावलीत थंड होऊ द्या, गाडीच्या शॅम्पूने धुवा, दाण्यातली माती जुन्या टूथब्रशने काढा. पूर्ण वाळू द्या, हे महत्त्वाचं. घाईत ओल्यावरच लावतात आणि मग टिकत नाही म्हणून ओरडतात. त्यावर बाहेरच्या प्लास्टिकसाठी मिळणारं ट्रिम रिस्टोरर स्पंजने अगदी पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या. पावसात ते उतरतं, पुन्हा लावावं लागतं. रंगवलेल्या चकचकीत पॅनेलला मेणाचं पॉलिश चांगलं, पण तेच काळ्या खरखरीत भागाला लागलं की पांढरे डाग धरतं. माझ्याकडून लागलं होतं, ते शाळेच्या खोडरबराने निघालं.

काळ्या स्प्रेचा डबा आणू नका. पीपीवर रंग धरतच नाही, खाली त्याचं खास प्रायमर नसेल तर नखाने साल निघते. (हाही प्रयोग आमच्या घरी झालेला आहे. कोणी केला ते सांगत नाही.) हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) फिरवली की प्लास्टिक जादू झाल्यासारखं काळं होतं खरं, पण काही महिन्यांत परत पांढरं, आणि एका जागी जरा जास्त थांबलात तर दाणाच वितळून गुळगुळीत चट्टा पडतो.

दसऱ्याच्या हळदीचे पिवळे डाग पडले तर घासत बसू नका, गाडी चार दिवस उन्हात फिरवा, फिके पडतात. उन्हाचा एवढा एकच फायदा. एरवी गाडी सावलीत लावणं हे कुठल्याही बाटलीपेक्षा भारी. कव्हर घालणार असाल तर आधी धूळ झटका, नाहीतर वाऱ्याने तेच कव्हर पॉलिश पेपरचं काम करतं.

खरं सांगायचं तर काळ्या पीपीला डिझेलने लगेच तडे जात नाहीत, तो प्रकार पारदर्शक काचेचा आणि एबीएसचा. म्हणजे वॉशिंगवाल्याने एकदा मारलंच असेल तर घाबरू नका, शॅम्पूने धुऊन टाका. आणि चेन साफ करायला रॉकेल चालतं, तिथे दादा बरोबर आहे. मात्र चमकवायचं काहीही सीट, टायर, ब्रेकची डिस्क आणि पायाच्या रबरांना लागू देऊ नका, घसराल. गाडी मॅट रंगाची असेल तर वरचं पॉलिशचं सगळं विसरा. मॅट एकदा घासून चमकलं की परत मॅट होत नाही.