धावायचा रस्ता कोणी बघतंय का?

प्रश्न: मी रोज पहाटे साडेपाचला एकटीच धावायला जाते आणि फिटनेस अ‍ॅपवर सगळं रेकॉर्ड करते. मागच्या आठवड्यात एका अनोळखी माणसाची कमेंट आली, "आज दहा मिनिटं उशिरा निघालात". तेव्हापासून धाकधूक होतेय. मैत्रीण म्हणते घराजवळचा भाग लपवायची सेटिंग कर, झालं. तेवढं पुरेल का? – एक वाचक

उत्तर: ताई, धाकधूक होतेय ती बरोबरच आहे, उगाच मनाची समजूत काढू नका. आधी त्या कमेंटचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, उद्या तक्रार करायची वेळ आली तर लागेल, आणि मग ब्लॉक करा.

सेटिंग कराच, पण तेवढ्यावर थांबू नका. का सांगते. ती सेटिंग घराभोवती एक गोल आखते आणि त्याच्या आतली तुमच्या रस्त्याची रेघ नकाशावरून पुसते. पण तुम्ही कधी डावीकडून जाता कधी उजवीकडून, प्रत्येक वेळी रेघ त्या गोलाच्या कडेलाच तुटते, आणि अशी तीन टोकं मिळाली की गोल काढता येतो, हे आपण शाळेतच शिकलोय, मग मध्ये काय आहे ते उघडच. काही अ‍ॅप्स हा मध्य जरा सरकवतात, तरी भरवसा नको. त्यापेक्षा घरापासून दोन-तीनशे मीटर चालून गेल्यावर रेकॉर्डिंग सुरू करा आणि परत येताना तसंच आधी बंद करा, जागाही बदलत रहा.

खरी भीती एका दिवसाच्या नकाशाची नाहीच, रोजच्या सवयीची आहे. २०२४ मध्ये ल मोंद या फ्रेंच वृत्तपत्राने दाखवून दिलं की मॅक्रॉन, बायडन यांच्या अंगरक्षकांच्या स्ट्राव्हा या फिटनेस अ‍ॅपवरच्या धावण्याच्या नोंदींवरून त्या नेत्यांच्या हालचाली कळत होत्या. सुरक्षा हेच ज्यांचं काम त्यांचं हे झालं, तर आपण चुकलो म्हणून स्वतःला दोष कशाला द्यायचा!

म्हणून प्रोफाइल प्रायव्हेट करा, नकाशा 'फक्त मी' वर ठेवा, किलोमीटर आणि वेळ मैत्रिणींना दिसू दे की, कौतुक त्याचंच असतं. जुने रनही एकेक तपासा, नवी सेटिंग मागच्यांना आपोआप लागेलच असं नाही. फॉलोअर्समध्ये ओळखीचं नाही ते काढा. लाइव्ह लोकेशन मात्र घरातल्या एक-दोघांना जरूर द्या, ते उपयोगाचं आहे. आणि काही दिवस वेळ आणि रस्ता बदला, जमलं तर कोणाला तरी सोबत घ्या, तो माणूस पुन्हा दुसऱ्या नावाने आला किंवा रस्त्यात दिसला तर थेट पोलिसांकडे जा.