मुंबईच्या कुलाब्यातली चुंबकीय वेधशाळा अलिबागला का हलवली?

ट्राममुळे. खरंच!

आधी एक घोळ मिटवू: अलिबागच्या समुद्रातला किल्लाही कुलाबा, आणि रायगड जिल्ह्याचं जुनं नावही कुलाबा. तुम्ही विचारताय ती वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातली, 1826 साली उभारलेली. तिथे 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं सुरू झाली. सप्टेंबर 1859 मधल्या प्रचंड सौरवादळात तिथल्या उपकरणांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा (जमिनीला समांतर) घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरल्याचं टिपलं. त्या वादळाची तीव्रता ठरवायला अभ्यासक आजही ही नोंद वापरतात.

पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. त्यांचा एकदिश (डीसी) वीजप्रवाह रुळांतून परतताना थोडा जमिनीतही झिरपतो. जिथे प्रवाह तिथे चुंबकीय क्षेत्र, म्हणजे नाजूक नोंदींचा बट्ट्याबोळच. तेव्हा संचालक होते नानाभॉय मूस. या पदावरचे ते पहिले भारतीय, आधी एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांनी अलिबाग निवडलं. मुंबईपासून फार लांब नाही आणि विजेचा उपद्रव नाही. इमारत अचुंबकीय दगडाची, लोखंड टाळून बांधलेली.

मला सगळ्यात आवडतं ते हे: 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे नीट जोडता यावेत. मुंबईत विजेची ट्राम धावली 1907 मध्ये. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे.