आधी मुलाचं खातं, मग बाकी सगळं

मुलांच्या फोन आणि इंटरनेटवर लगाम घालायचा असेल, तर पहिल्याच दिवशी दहा कुलपं लावू नका, मीही तेच करून पस्तावलोय. आधी मुलाचं स्वतःचं गूगल किंवा ॲपल खातं उघडा. तुमच्याच खात्यावर फोन हातात दिलात तर पुढचं सगळं फोल. मग अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक ॲप वापरा, आयफोनवर सेटिंग्जमधलं स्क्रीन टाइम. दोन्हींत वेळेची मर्यादा आणि ॲपसाठी तुमची परवानगी ठेवता येते.

खरी गंमत पासकोडची. आयफोनवर या मर्यादा बदलायला लागणारा स्क्रीन टाइमचा पासकोड चार आकडी असतो. माझ्या लेकीने तो माझ्या अंगठ्याच्या हालचालीवरून ओळखला, तेही शेजारी बसून पुस्तक वाचण्याचं नाटक करत! तेव्हा तो फोन उघडायच्या कोडपेक्षा वेगळा ठेवा आणि टाकताना पाठ फिरवा.

घरच्या वायफाय राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) म्हणून १.१.१.३ टाकलंत, तर ती सेवा चालवणारी क्लाउडफ्लेअर कंपनी प्रौढांसाठीच्या बहुतेक साइट अडवते. पण मोबाइल डेटा सुरू झाला की राउटरची चाळणी निरुपयोगी. टीव्ही मात्र विसरू नका, तिथलं यूट्यूब बहुधा तुमच्याच खात्यावर चालू असतं.

आणि हे सगळं मुलांना सांगून करा. चोरून लावलेलं कुलूप सापडलं, की ती तुमच्याशी बोलणंच बंद करतात.