डीपीएक्स (काच चिकटवायचा पारदर्शक द्राव) लावताना कव्हरस्लिपखाली (वरच्या पातळ काचेखाली) बुडबुडे येतात, स्लाइड कधी दुधी दिसते. माझं काय चुकतंय?

बुडबुड्यांचं उत्तर लहान आहे. सेक्शन (ऊतीचा पातळ काप) झायलीनने (डीपीएक्स ज्यात विरघळतं त्या द्रावकाने) ओलं असतानाच डीपीएक्स लावा, थेंब बेताचा घ्या, कव्हरस्लिपची एक कड आधी टेकवून बाकीची सावकाश सोडा. बाटली हलवू नका, निम्मे बुडबुडे तिथेच तयार होतात.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "मॅडम म्हणतात तुझा हातच जड आहे." ते वाचलं आणि राहवलं नाही.

मी वाशीतल्या एका खासगी लॅबमध्ये हिस्टोला, म्हणजे ऊतींच्या स्लाइड बनवायच्या विभागात होते. जुलै लागला की स्लाइड दुधी यायच्या, न्यूक्लिअस धुरकट, आणि सर सगळ्यांदेखत ऐकवायचे, "तुला कव्हरस्लिपिंग जमत नाही." अहो, दुधीपणाचा हाताशी काय संबंध? तो पाण्याचा! अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल, म्हणजे झायलीनच्या आधी सेक्शनमधलं पाणी काढायला वापरतात ते बिनपाण्याचं अल्कोहोल, हवेतलं बाष्प ओढून घेतं. खाडीकाठचा पावसाळा, त्यात जारवर झाकण नाही. ते पाणी स्लाइडबरोबर झायलीनमध्ये उतरतं आणि झायलीन गढुळतं. जार बदलायचं म्हटलं की सरांना खर्च आठवायचा. शेवटी मी मोरचूद (कॉपर सल्फेट) हॉट प्लेटवर पांढरा होईपर्यंत भाजला, शेवटच्या अल्कोहोलच्या जारमध्ये तळाशी टाकला आणि वर फिल्टर पेपर ठेवला. पाणी लागलं की मोरचूद परत निळा होतो. झालाच. सरांना दाखवला तर म्हणाले, "मोरचूद निळाच असतो."

यावर काय बोलणार!

तुमच्या मॅडमना आधी विचारा, शेवटचं अल्कोहोल कधी बदललं होतं? तारीख जारवर लिहायला लावा. हात जड असेल तर बुडबुडे येतील, कव्हरस्लिप तिरकी बसेल; दुधी रंग येणार नाही.

दुधी झालेली स्लाइड ताज्या अ‍ॅब्सोल्यूटमध्ये परत नेऊन मग ताज्या झायलीनमध्ये घाला. कव्हरस्लिप आधीच बसवली असेल तर झायलीनमध्ये ठेवून द्या, आपोआप सुटते. नखाने उचकटाल तर सेक्शनही जाईल. न्यूक्लिअसवर काळपट तपकिरी ठिपके दिसले, तर सेक्शन सुकून हवा अडकलीय. त्यालाही हाच उपाय.

हां, हे सगळं एच अँड ई सारख्या नेहमीच्या स्टेनसाठी. ऑइल रेड ओ (चरबी दाखवणारा रंग) केलेल्या फ्रोझन, म्हणजे गोठवून कापलेल्या सेक्शनला झायलीन दाखवूसुद्धा नका, चरबी विरघळून जाते. तिथे डीपीएक्सऐवजी ग्लिसरीन जेली. आणि झायलीनचं काम फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) करा, मॅडम काहीही म्हणोत.